हाडांची सलाईन घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

अंगणात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, किंवा भरलेली घागर उचलताना पाठीचा मणका दबला, की अकोल्या-अमरावतीचे हाडांचे डॉक्टर आता बऱ्याचदा एक सलाईन सुचवतात. वर्षातून एकदाच घ्यायची. शंभर मिलिलिटरची छोटी बाटली, तिच्यात ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक ॲसिड. आपल्याकडे अशक्तपणा आला, ऊन लागले, की ताकदीसाठी सलाईन लावून घ्यायची सवय आहे. हीही तशीच एक बाटली असेल असे समजून माणूस खाटेवर आडवा होतो, आणि रात्री थंडी वाजून ताप चढला की सगळे घर घाबरते.

“माह्या सासूले सलाईन लावली अन् रातभर कण्हून राह्यली, काऊन झालं असं?” असे विचारत दुसऱ्या दिवशी सून दवाखान्यात येते. कित्येक जण येतही नाहीत. हे औषध आमच्या आईला सोसत नाही, असे घरच्या घरी ठरते आणि पुढच्या वर्षीचा डोस कायमचा राहून जातो.

हा लेख त्या सुनेसाठी आणि तिच्या सासूसाठी आहे. या सलाईनचे काही त्रास नेहमीचे आहेत, ते आपोआप जातात. काही त्रास क्वचित होतात, पण झाले तर महागात पडतात. लोक पहिल्या प्रकाराला भितात. दुसऱ्या प्रकाराबद्दल त्यांना कोणी धड सांगितलेले नसते. हे गंभीर त्रास सलाईन लावण्याआधीच्या साध्या तपासणीने बऱ्याच अंशी टळतात. वऱ्हाडात ही तपासणी जास्तच मनावर घ्यायला हवी, कारण इथले पाणी आणि इथला उन्हाळा दोन्ही मूत्रपिंडाची परीक्षा पाहणारे आहेत.

आधी औषध करते काय ते थोडक्यात. आपल्या हाडात जुना भाग पोखरून काढण्याचे आणि नवा भरण्याचे काम जन्मभर चालू असते. पाळी गेल्यावर बायकांच्या शरीरात, आणि वय वाढले की पुरुषांच्याही, पोखरण्याचा वेग भरण्यापेक्षा जास्त होतो आणि हाड ठिसूळ होते. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडाला चिकटून बसते आणि पोखरणाऱ्या पेशींना थोपवते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होरायझन’ नावाच्या मोठ्या चाचणीत पाळी गेलेल्या साडेसात हजारांहून जास्त बायकांना तीन वर्षे, दरवर्षी एक याप्रमाणे, ही किंवा नुसती बिनऔषधाची सलाईन दिली होती. औषध घेतलेल्यांमध्ये मणका दबण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचे ४१ टक्क्यांनी कमी निघाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ही सलाईन घेतलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होते. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पुढचे वर्ष कसे जाते ते ज्या घराने पाहिले आहे, त्या घराला या आकड्यांचे मोल सांगावे लागणार नाही. म्हणूनच एका रात्रीच्या तापासाठी हे औषध सोडून देणे मला फार वाईट वाटते.

पहिल्या रात्रीचा ताप

सलाईन सकाळी लागली तर त्रास बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतो. कणकण, थंडी वाजणे, ताप, डोके ठणकणे, अंग मोडून येणे, सांधे धरणे, मळमळ. ज्या हाडांसाठी औषध घेतले तीच जास्त दुखू लागल्यासारखे वाटते. होरायझन चाचणीत पहिल्या डोसनंतर तीन दिवसांत असा काही ना काही त्रास ३१.६ टक्के बायकांना झाला, म्हणजे साधारण तिघींपैकी एकीला. दुसऱ्या वर्षी तो ६.६ टक्क्यांवर आला आणि तिसऱ्या वर्षी २.८ टक्क्यांवर. हे तीन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिल्या वर्षी जिला ताप आला, तिला दुसऱ्या वर्षी तो येण्याची शक्यता पुष्कळच कमी असते. आधी आठवड्याच्या गोळ्या, म्हणजे अलेन्ड्रोनेट वगैरे, घेतलेल्यांना पहिल्या सलाईनलाही त्रास कमी होतो.

हा ताप जंतूंचा नसतो. औषधामुळे शरीरात एक पदार्थ साचतो, रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याने चाळवतात आणि ताप आणणारी रसायने सोडतात. त्यामुळे याला अँटिबायोटिक लागत नाही. बहुतेकांचा ताप तीन दिवसांत उतरतो. अंगदुखी एखाद्याची आठवडाभर, क्वचित दोन आठवडेही रेंगाळते.

उपाय साधा आहे. सलाईनच्या दिवशीच पॅरासिटामॉल सुरू करायची आणि डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात दोन-तीन दिवस घ्यायची. त्याने त्रासाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असलेल्या बारीक माणसाला, किंवा यकृताचा आजार असेल तर, मात्रा कमी ठेवावी लागते. ती विचारून घ्या. आणि पॅरासिटामॉल म्हणजे फक्त पॅरासिटामॉल. मेडिकलमध्ये “अंगदुखीची गोळी द्या” म्हटले की बऱ्याचदा ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली पट्टी हातात पडते. पट्टीवर दोन नावे असतील तर परत करा.

मला खरी काळजी वाटते ती या तापावर होणाऱ्या उपचाराची. असे पाहा: आजीबाई सकाळी एसटीने अकोल्याला आल्या, दुपारपर्यंत सलाईन झाली, संध्याकाळी गावी पोचल्या. रात्री हुडहुडी भरली. मुलाने गावातल्या डॉक्टरांना बोलावले. त्यांना सकाळच्या औषधाची काहीच कल्पना नाही, घरचे सांगतात, “सकाळी शहरात सलाईन लावली होती.” मग दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, तापासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन. सकाळच्या औषधाने मूत्रपिंडावर आधीच भार टाकलेला असतो, त्यावर ही दोन्ही औषधे आणखी भार टाकतात, आणि जेंटामायसिनच्या गटातली औषधे रक्तातले कॅल्शियमही खाली नेऊ शकतात. जो ताप दोन दिवसांत जाणार होता, त्याच्यापायी मूत्रपिंड धोक्यात येते. यात गावातल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यापर्यंत माहितीच पोचलेली नसते.

म्हणून दवाखान्यातून निघताना एक कागद मागून घ्या: औषधाचे नाव, मात्रा, तारीख, वेळ. बाटलीवरचे लेबल फाईलमध्ये चिकटवून घेतले तर उत्तमच. गावात डॉक्टरांना बोलवायची वेळ आली तर सर्वांत आधी तो कागद दाखवा.

पावसाळ्यात एक सावधगिरी जास्त. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे डेंग्यू, मलेरियाची साथ असते, तेव्हा प्रत्येक ताप सलाईनच्या माथी मारू नका. तिसऱ्या दिवसानंतरही ताप चढतोच आहे, किंवा एकदा उतरून पुन्हा आला, किंवा अंगावर पुरळ, दम लागणे, छातीत दुखणे असे काही आहे, तर रक्त तपासून घ्या.

क्रिएटिनिनचा आकडा नीट वाचा

आता जास्त महत्त्वाचे. हे औषध शरीरातून बाहेर पडते ते मूत्रपिंडावाटे. मूत्रपिंड आधीच थकलेले असेल, शरीरात पाणी कमी असेल, किंवा सलाईन घाईने सोडली असेल, तर मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. अशा घटनांनंतर २०११ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी स्पष्ट बजावले, की क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते त्याचा आकडा, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे औषध देऊ नये. प्रत्येक डोसच्या आधी हा आकडा काढायचा असतो. मागच्या वर्षीचा रिपोर्ट चालत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या. लॅबच्या कागदावर नुसते क्रिएटिनिन लिहिलेले असते, आणि ते “नॉर्मल” दिसले की सगळे निश्चिंत होतात. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. वाळलेल्या, बारीक म्हातारीच्या अंगात स्नायूच थोडे, म्हणून तिचे मूत्रपिंड मंदावलेले असले तरी आकडा फारसा चढत नाही. त्यासाठी वय आणि वजन धरून हिशेब करावा लागतो. १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. समजा वय ७४, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन १.१. तर ६६ गुणिले ४२ म्हणजे २७७२, त्याला ७९.२ ने भागले की ३५, आणि ०.८५ ने गुणले की जेमतेम ३०. रिपोर्टवर १.१ पुढे कसलीही खूण नसते, बऱ्याच लॅब तो आकडा मर्यादेतच धरतात, पण या बाईंना ही सलाईन देता येत नाही. त्याच बाईंचे क्रिएटिनिन ०.८ असते तर उत्तर ४१ च्या आसपास आले असते आणि मार्ग मोकळा झाला असता. हा हिशेब डॉक्टरांनी करायचा आहे हे खरे, पण “डॉक्टर, वजन धरून क्लिअरन्स काढला का?” एवढे विचारायला कोणाची हरकत नसते. त्यासाठी त्या दिवशीचे खरे वजन काट्यावर करून घ्या, अंदाजाने सांगू नका.

हे सगळे मी इतके लांबवून लिहितो आहे त्याला कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जातो. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीचे आणि बोअरचे खारे पाणी प्यायले आहे. या पट्ट्यात किडनीचे रुग्ण फार दिसतात, ही तक्रार गावकरी आणि डॉक्टर वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यातच रक्तदाब आणि मधुमेह, आणि गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे चाललेल्या दुखण्याच्या गोळ्या. ज्या बाईला साठी-सत्तरीत हाडांच्या सलाईनची गरज पडते, तिने आधीची दहा-पंधरा वर्षे गुडघ्यासाठी गोळ्या खाल्लेल्या असण्याची शक्यता दाट असते. मूत्रपिंडाचे दुखणे बरेच पुढे जाईपर्यंत बोलत नाही. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या माणसाने क्रिएटिनिनशिवाय ही सलाईन घेऊच नये, असे मी ठामपणे म्हणतो. ही तपासणी महागडी नाही. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्येही ती करून घेता येते.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दोन तास बसमधून येऊन, घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत खाटेवर आडवे होणे म्हणजे मूत्रपिंडावर सरळ अन्याय. ही वर्षाची सलाईन आहे. पहिली ज्या महिन्यात घ्याल, साधारण त्याच महिन्यात ती दरवर्षी येते. हाड नुकतेच मोडलेले नसेल, घाई नसेल, तर पहिली तारीख दिवाळी ते होळीच्या मधली मागून घ्या. मग पुढची सगळी वर्षे मे महिन्याचे ऊनही टळते आणि पावसाळ्यातल्या तापांचा गोंधळही टळतो. पण हाड मोडलेले असेल तर ऋतूसाठी थांबू नका. तिथे पाणी भरपूर पिऊन, सकाळच्या वेळी सलाईन घेणे हाच मार्ग.

क्लिअरन्स कमी निघाला तर निराश होण्याचे कारण नाही, दुसरी औषधे आहेत. पण त्यांचीही पथ्ये आहेत. पोटाच्या कातडीखाली सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब मधेच थांबवले तर मणके दबण्याचा धोका उलट वाढतो, आणि मूत्रपिंडाचा आजार फार पुढे गेलेल्या माणसाचे, विशेषतः डायलिसिसवर असलेल्याचे, कॅल्शियम त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ती निवड मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावी.

कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व

पोखरणाऱ्या पेशी थांबल्या की हाडातून रक्तात येणारे कॅल्शियमही थांबते. एरवी शरीर ते सांभाळून घेते. पण डी जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉईडचे किंवा गळ्यातले ऑपरेशन झालेले असेल, आतड्याचा जुना आजार असेल, तर रक्तातले कॅल्शियम खाली जाते. हे त्याच रात्री होईल असे नाही. बऱ्याचदा आठवडा-दहा दिवसांनी, ताप विसरल्यावर होते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातापायात वांब येतात, पंजा वाकडा होतो. फार खाली गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. मुंग्या आणि वांब यांना “अशक्तपणा आहे” म्हणून सोडू नका. त्याच दिवशी कॅल्शियम तपासा.

विदर्भात ऊन रग्गड आहे म्हणून डी जीवनसत्त्वही रग्गड असेल, असे होत नाही. घरात बसून असलेल्या, अंगभर पदर घेणाऱ्या वयस्कर बायकांमध्ये त्याची कमतरता नेहमी सापडते. म्हणून कॅल्शियम आणि डी सलाईनच्या आधी तपासावे, कमी असेल तर आधी भरून काढावे. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, असे काही आठवडे, हा आपल्याकडचा रूढ मार्ग. डीची तपासणी महाग पडते. परवडत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, बरेच डॉक्टर तपासणीशिवायही आधी पुड्यांचा कोर्स देतात आणि मगच सलाईन लावतात. मात्र पुड्या रोज खाऊ नका, डीचा अतिरेकही बाधतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सलाईन उरकण्यापेक्षा, डी आणि कॅल्शियम सुरू करून दोन आठवडे जाऊ देणे बरे.

सलाईननंतर कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका, निदान पहिले दोन आठवडे तरी अजिबात नाही. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते. त्यातले काही दूध-दह्यातून, तिळाच्या चटणीतून येते, उरलेले गोळीतून. मुतखडा झालेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

दात, जबडा आणि खर्रा

जबड्याच्या हाडाचा तुकडा उघडा पडून मरणे, ही या औषधांची सर्वांत जास्त धास्ती घातलेली तक्रार. २००३ सालापासून ती नोंदली जाऊ लागली. ती मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांत दिसते. त्यांना हेच औषध ४ मिलिग्रॅमच्या मात्रेत दर तीन-चार आठवड्यांनी दिले जाते. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल वर्षातून एक सलाईन घेणाऱ्यांत ती फारच विरळ. वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. तिला घाबरून औषध नाकारू नये. पण दातांकडे दुर्लक्षही करू नये, कारण बहुतेकदा सुरुवात सडका दात उपटण्यापासून होते.

आपल्याकडे खर्रा, तंबाखू-चुना, दातांना घासायची मशेरी यांमुळे हिरड्या आधीच नासलेल्या असतात. बायकांच्याही, फक्त त्या सांगत नाहीत. सलाईनच्या आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. जे दात काढावे लागणारच आहेत ते आधी काढून घ्या, जखम भरू द्या, मग सलाईन. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येते. सलाईन घेतल्यानंतर दात साफ करणे, भरणे, रूट कॅनाल करणे चालते. दात काढायचा असेल तर मात्र आधी दातांच्या डॉक्टरांना या औषधाबद्दल सांगितलेच पाहिजे. कवळी टोचत असेल तर घासून घ्या. आणि खर्रा सोडा. हाडांसाठी, जबड्यासाठी, कॅन्सर टाळण्यासाठी, कशासाठीही म्हणा, पण सोडा.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर साध्या ड्रॉपवर भागवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. या औषधाने क्वचित डोळ्याच्या आत सूज येते. होरायझन चाचणीत हृदयाची लय गंभीरपणे बिघडण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १.३ टक्के आणि न घेणाऱ्यांत ०.५ टक्के होते. नंतरच्या तपासण्यांत हा संबंध ठामपणे सिद्ध झाला नाही, तरी धडधडीचा जुना आजार असेल तर तो सांगावा. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांनीही आधी सांगावे.

मांडीचे दुखणे मात्र थोडे वेगळे आहे. हाडाची झीज-भर कित्येक वर्षे रोखून धरली तर क्वचित मांडीचे हाड मधोमध, फारसा मार न लागता तडकते. तडकण्याआधी आठवडे-महिने मांडीत किंवा जांघेत एक बोथट दुखणे असते, आणि ते गुडघ्याचे किंवा कंबरेचे समजून मालिशीवर काढले जाते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा २०२० सालचा हिशेब असा: अलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड या गटातली औषधे तीन वर्षे घेणाऱ्या १०,००० आशियाई वंशाच्या बायकांमागे खुब्याची ९१ मोडतोड टळली आणि असे मांडीचे ८ प्रकार झाले. गोऱ्या बायकांत हेच आकडे १४९ आणि २ होते. म्हणजे आपल्यासाठीही फायदा कितीतरी मोठाच, पण मांडीच्या दुखण्याकडे आपण जास्त लक्ष द्यायला हवे. असे दुखणे आले तर दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढून घ्या.

सलाईनचा दिवस

उपाशी येऊ नका. भाकर-वरण खाऊन, सकाळपासून तीन-चार ग्लास पाणी पिऊन या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी पाण्यावर बंधन असेल तर तेवढे विचारून. रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, विशेषतः दुखण्याच्या आणि लघवी जास्त होण्याच्या. मागच्या आठवड्यात जुलाब-उलट्या झाल्या असतील तर सांगा, तारीख पुढे ढकलणे बरे.

बाटली लावताना तिच्यावरचे नाव आणि मात्रा वाचायला मागा. कॅन्सरचा उपचार चालू असलेल्या माणसाला हेच औषध दुसऱ्या नावाने आधीच मिळत असू शकते, आणि मग दोनदा होते. हे औषध आरएलच्या (रिंगर लॅक्टेटच्या) बाटलीत मिसळायचे नसते, कारण आरएलमध्ये कॅल्शियम असते. सलाईन कमीत कमी पंधरा मिनिटे चालली पाहिजे. वीस-तीस मिनिटे लागली तरी चांगलेच. दुपारची दर्यापूरची गाडी चुकेल म्हणून “थोडी जोरात सोडा” असे नर्सला कधीही म्हणू नका. गाडी दुसरी मिळते.

त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री म्हाताऱ्या माणसाजवळ कोणीतरी झोपावे. तापाच्या भरात, अंधारात लघवीला उठताना पडून पुन्हा हाड मोडणे हा धोका खरा आहे. लघवी होते आहे ना, तिचा रंग गडद तर नाही, हे पाहत राहा. लघवी अगदी कमी झाली, माणूस बरळू लागला, दम लागला, झटका आला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

तीन सलाईन झाल्यावर बऱ्याच रुग्णांना काही काळ थांबता येते, कारण औषध हाडात साठून राहते आणि बंद केल्यावरही काम करत असते. थांबायचे की पुढे चालवायचे हे कंबर आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीवर, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या एक्स-रेवर, आणि मधल्या काळात हाड मोडले का यावर ठरते. शिबिरात टाचेवर यंत्र लावून काढलेल्या आकड्यावर ना सलाईन सुरू करावी, ना बंद करावी.

आणखी एक विनंती. औषधाने त्रास झाला तर तो नोंदवण्याची सोय आपल्या देशात आहे, आणि ती फक्त डॉक्टरांसाठी नाही. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही तिथे कळवू शकतात. औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि काय झाले, एवढे सांगायचे. या लेखातले जवळजवळ सगळे आकडे परदेशांतल्या चाचण्यांचे आहेत. खारे पाणी प्यालेल्या, ४५ अंशांच्या उन्हात राबलेल्या वऱ्हाडातल्या शरीरावर या औषधाचे काय होते, ते तेल्हाऱ्याच्या आणि भातकुलीच्या घरांतून फोन गेले तरच नोंदले जाईल. म्हणून तो क्रमांक सलाईनच्या कागदावरच लिहून ठेवा.